नागपुरातून पहिल्या ट्रायथलॉनला जाताना

मी मनीषनगरात डबे पुरवते. रोजचे साठ-पासष्ट डबे, आणि सकाळी साडेदहाला पहिली खेप घराबाहेर पडलीच पाहिजे. वयाच्या ३९ व्या वर्षी मी पोहायला शिकले आणि ४२ व्या वर्षी गोव्याच्या समुद्रात ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन पुरी केली: ३ तास ४५ मिनिटं. तेव्हापासून डबा घ्यायला येणारी मुलं, आमच्या सोसायटीतल्या बायका, कोणी ना कोणी विचारतंच, “ताई, आम्हाला जमेल का? सुरुवात कुठून करायची?” त्या सगळ्यांसाठी एकदा बसून हे लिहिते आहे.

आधी अंतरं. १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं, तिन्ही लागोपाठ, मध्ये घड्याळ थांबत नाही. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतरानं, म्हणून ते नाव. याच्या निम्मी असते ती स्प्रिंट. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१. पहिल्याच वेळी हाफला नाव देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. मैत्रिणीनं दिलं म्हणून आपणही दिलं, असं तर मुळीच नको. चाळिशी ओलांडली असेल तर नाव देण्याआधी डॉक्टरांना भेटा, ईसीजी काढून घ्या. मी काढला होता.

आपल्याकडे बहुतेक लोक धावण्यापासून सुरुवात करतात, कारण बूट घातले की निघता येतं. मी म्हणेन, पोहण्यापासून करा. धावताना दमलात तर चालता येतं, सायकलवर दमलात तर पाय टेकता येतो. पाण्यात दमल्यावर काय करायचं, हे शरीराला मुद्दाम शिकवावं लागतं आणि त्याला महिने लागतात. मला १५०० मीटर न थांबता पोहायला १४ महिने लागले. सायकल आणि धावणं त्यानंतर १६ आठवड्यांत बसलं.

तरण तलावावरच्या सरांनी पहिले पंधरा दिवस मला हात मारूच दिले नाहीत. “ताई, हात नंतर पाहू. आधी बुडबुडे काढा.” भिंत धरायची, तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, वर आलं की फक्त घ्यायचा. नवीन माणूस पाण्यात श्वास कोंडून ठेवतो. मग वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकाच क्षणात करायला बघतो आणि चार हातांत धापा टाकतो. दम कमी पडत नसतो, आतली जुनी हवा बाहेर गेलेली नसते. हे एक बसलं की पंचवीस मीटरच्या तलावातल्या साठ फेऱ्या हा फक्त सवयीचा प्रश्न उरतो.

आता समुद्राचं. नागपुरातून तो लांब, आणि सरावाला उघडं पाणी हवं म्हणून कोणी इथल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावात उतरायच्या गोष्टी करतं. उतरू नका. जलपर्णी, गाळ, आणि काही झालं तर काढायला जवळ कोणी नाही. तरण तलावातच समुद्राची तयारी करता येते, ती अशी.

तरण तलावात तळाला काळी रेघ असते, समुद्रात नसते. म्हणून डोळे मिटून दहा हात मारा आणि कुठे जाता ते बघा. मी दर वेळी डावीकडच्या दोरीला जाऊन लागायची. सरांनी विचारलं, “उजव्या हातानं काय काम करता?” कणीक तिंबते, रोज सात-आठ किलोची. तो हात जास्त जोरानं पाणी ओढायचा आणि मी डावीकडे वळायची. मग मी माझ्या नारिंगी झाकणाचा मोठा डबा तलावाच्या टोकाला ठेवायला लागले. दर आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे, डबा दिसला की लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं वर काढलंत तर पाय खाली जातात आणि वेग मरतो. समुद्रात त्या डब्याच्या जागी मोठा नारिंगी बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा असतो, एवढाच फरक.

दुसरं, खोल पाण्यात पोहायचा चष्मा काढा, मुद्दाम पाण्यानं भरा, उताणं होऊन रिकामा करा, परत लावा. हे दहा-दहा वेळा करा. सर हे करायला लावत तेव्हा मला ते वाया जाणारे मिनिट वाटायचे. शर्यतीत पहिल्या बोयाच्या थोडं अलीकडे पुढच्या कोणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली. उजवी काच खाऱ्या पाण्यानं भरली, डोळा मिटला, आणि छातीभोवती कोणी पदर करकचून आवळावा तसा श्वास अडकला. किनारा मागे, बोया पुढे, आजूबाजूला नुसते हात. मी उताणी झाले. आभाळ फिकं होतं, एक पक्षी गेला. वीस श्वास मोजले. कयाकवरचा, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीवरचा मुलगा जवळ आला, म्हणाला, “ताई, धरा हवं तर.” हा नियम लक्षात ठेवा: कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिनं तुम्हाला पुढे ओढून न्यायचं नसतं. मी धरली, काच रिकामी केली, चष्मा लावला. तो म्हणाला, “लाट संपली की निघा.” लाट संपली, मी निघाले. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं गेली असतील. ४४ व्या मिनिटाला मी वाळूवर उभी होते. तलावातले ते दहा-दहा वेळचे कंटाळवाणे चष्मे नसते तर मी तिथूनच हात वर केला असता.

चष्म्याचा पट्टा टोपीच्या खालून घ्या. लाथ लागली तरी तो हरवत नाही. आणि खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. पहिल्या सरावातच ते जाणवलं तेव्हा मला खूप धीर आला. म्हणून शर्यतीच्या दोन दिवस आधी पोहोचा आणि आयोजक सराव ठेवतात त्या वेळेला, त्यांच्या बोटी असताना, एकदा तरी उतरा.

सायकल. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्यानं पुरी केली. ती बातमी वाचून मी मुलाची धूळ खात पडलेली हायब्रिड सायकल काढली होती, आणि शर्यतही तिच्यावरच केली. महागडी सायकल लागत नाही. सीटची उंची मात्र नीट लावून घ्या: टाच पेडलवर ठेवली की पाय खालच्या टोकाला जवळजवळ सरळ झाला पाहिजे. माझी सीट दोन महिने खाली होती आणि तेवढे दोन महिने गुडघे दुखले.

मी पहाटे साडेचारला निघायची, वर्धा रोडनं जामठ्याच्या स्टेडियमवरून बुटीबोरीकडे, आणि उजाडता उजाडता परत. ट्रकचा त्रास वाटला की मिहान औद्योगिक भागाच्या आतले रुंद रस्ते. मागे लाल दिवा, अंगावर चमकणारं जाकीट आणि हेल्मेट, यात सूट नाही. बायकांनी सुरुवातीला दोघी-तिघी मिळून जावं. जड गिअरवर मांड्या जाळू नका. हलक्या गिअरवर मिनिटाला ८०-९० वेळा पाय फिरू द्या, कारण पुढे याच पायांनी धावायचं आहे. जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत ठेवा आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. शर्यतीत बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर बाद करतात. आपल्यासारख्या हौशी लोकांना पुढच्या सायकलच्या मागे चिकटून, वारा चुकवत जायलाही बंदी असते. किमान १० मीटर अंतर ठेवावं लागतं, काही शर्यतींत १२.

पोहून आल्यावर बूट-हेल्मेट घालून सायकल घ्यायची आणि नंतर ती परत ठेवायची जी जागा असते, तिला ट्रान्झिशन म्हणतात. तिचा सराव मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केला. बादलीत पाय ओले करायचे, थोडी रेती लावायची, मग जुन्या पंचावर पाय पुसून मोजे, बूट, हेल्मेट. पहिल्या दिवशी सहा मिनिटं लागली, ओल्या पायावर मोजा चढेचना. मोज्यांत आधी थोडी पावडर टाकून ते अर्धे गुंडाळून ठेवायला लागले तेव्हा चारवर आले. एक गोष्ट जिभेवर ठेवा: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल स्टँडवर परत टांगेपर्यंत तो सोडायचा नाही. नवखे इथेच दंड खातात.

सायकलवरून उतरल्याबरोबर धावणं हा वेगळाच प्रकार आहे. मांड्या लाकडाच्या होतात, आपण धावतो आहोत की जागच्या जागी नाचतो आहोत ते कळत नाही. साधारण पहिला दीड किलोमीटर असंच असतं, मग सुटतं. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल झाली की पाणी न पिता-बसता लगेच दोन किलोमीटर पळा. एरवी धावायला सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट आहे, आणि चढ हवा असेल तर सेमिनरी हिल्स.

उन्हाबद्दल आपण नागपूरकरांची एक ठाम समजूत असते. मेमध्ये ४५ अंश पाहिलेल्याला गोव्याचं ऊन काय करणार? मीही तसंच समजत होते. पण आपली गरमी कोरडी. घाम येतो, उडतो, अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडतच नाही, नुसता टपटपतो, आणि अंग आतून तापत जातं. तिथे ३१-३२ अंशांत मला जेवढं जड गेलं तेवढं इथे चाळीसमध्ये जात नाही. याची तयारी जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात करा, पाऊस थांबल्यावर हवा चिकट होते त्या वेळी. तेव्हाच एकदा घामही मोजा: तासाभराच्या धावण्याआधी आणि नंतर वजन करा. जेवढं कमी भरेल तेवढा घाम गेला. माझं एक किलो उतरायचं, म्हणजे साधारण एक लिटर. त्यावरून शर्यतीत किती प्यायचं ते ठरवलं.

प्यायला मी घरचंच केलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा चहाचा चमचा, स्वयंपाकघरातला अंदाज इथे चालत नाही, आणि हे मी आयुष्यभर अंदाजानं मीठ घालणारी बाई सांगते आहे. खाण्याचं माप तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मी सायकलवर बिया काढलेला खजूर आणि मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी खाल्ल्या, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, दातानं फाडता येईल अशा. जे सरावात पोटाला चाललं तेवढंच शर्यतीत. दोन दिवस आधीपासून सावजी नाही, तर्री पोहे नाहीत, जवसाची चटणीसुद्धा नाही. साधा भात, पातळ वरण, दही. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या ताटाऐवजी मी खोलीत कुकर लावला. डाळ-तांदूळ घरून नेले होते.

आठवड्याचा हिशेब माझा असा होता: तीन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, त्यातल्या एका दिवशी मागून धावणं, एक दिवस लांब धावणं, आणि एक दिवस काहीच नाही. सगळं मिळून सहा-सात तास. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, कणीक सकाळी आमचे हे मळायचे. त्यांनी ती मळली नसती तर हा लेख झाला नसता, आणि माझा उजवा हातही इतका सुधारला नसता.

आता सायकल नेण्याबद्दल. दुकानातून रिकामं पुठ्ठ्याचं खोकं आणा, चाकं, सीट आणि पेडल काढा, मागच्या गिअरला जुना टॉवेल गुंडाळा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. हे मला ठाऊक नव्हतं. अर्धा तास मी ते अजून घट्ट करत बसले होते. काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. एकदा घरी काढून, पुन्हा जोडून बघा, मगच रेल्वेत चढा. मडगावपर्यंत जवळजवळ एक दिवस लागतो, खोकं लोअर बर्थच्या खाली मावत नाही हे धरून चाला.

शर्यत झाल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, चेनला तेल द्या, मगच खोक्यात भरा. मी दमून तशीच भरली. तिसऱ्या दिवशी नागपुरात उघडली तर चेनचे दुवे तांबूस झाले होते आणि मागच्या ब्रेकची तार जागेवरच अडकली होती. ती बदलायला मी दुपारचे डबे पोहोचल्यावर गेले.