एजंटच्या हाती पावसाची वही देण्याआधी

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारे पावसाचे आणि तापमानाचे जुने आकडे एआय एजंटला (प्रश्न समजून घेऊन लागतील ती टूल स्वतःच चालवणाऱ्या एआय प्रोग्रामला) काढून देणारं टूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, बांधायला घेतलं असेल, तर कोडच्या आधी वहीत एक प्रश्न लिहून ठेवा: २६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस पडला? टूल चालू झालं की पहिल्यांदा हाच विचारायचा. उत्तर बहुतेक चुकतं, आणि एजंट ते अगदी छातीठोकपणे सांगतो.

चूक एजंटची नसते. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २६ च्या सकाळी ८:३० पासून २७ च्या सकाळी ८:३० पर्यंत जे पडलं ते २७ तारखेच्या नावावर जमा होतं. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर म्हणजे नोंदीतला २७ जुलै. तेव्हा टूलच्या प्रत्येक उत्तरात नुसती तारीख नको, ‘कधीपासून कधीपर्यंत’ हे वेळेसकट जायला हवं. टूल काय करतं हे एजंटला सांगणारं जे वर्णन सोबत जोडतात, त्यातही हे दोन वाक्यांत लिहा, कारण एजंट वाचतो ते वर्णन. तुमच्या मनातलं त्याला कुठून कळणार?

दुसरी गोष्ट त्याच दिवसातून निघते. सांताक्रूझला ९४४, आणि कुलाब्याला जेमतेम ७४. आपण वापरणार ती आकडेवारी देशाच्या नकाशावर आखलेल्या ०.२५ अंशाच्या चौकोनांची, म्हणजे साधारण २५-२७ किलोमीटरची एकेक चौकट, आणि ही दोन्ही ठिकाणं एकाच चौकटीत पडतात. चौकटीतला आकडा आजूबाजूच्या हवामान केंद्रांच्या नोंदींवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे तिथे ना ९४४ ची अपेक्षा ठेवा, ना ७४ ची. उत्तरात ‘मुंबईचा पाऊस’ असं न म्हणता चौकटीचे अक्षांश-रेखांश द्या. तापमानाची चौकट तर एका अंशाची. त्यात चिपळूणचा मे महिन्यातला घाम आणि महाबळेश्वरचा गारवा एकाच आकड्यात कालवलेला असतो! एखाद्या हवामान केंद्राचीच नोंद हवी असेल तर पुण्याच्या नॅशनल डेटा सेंटरकडे रीतसर मागणी करावी लागते. त्याचा वेळ आधीच धरून ठेवा.

आता फायली. पाऊस १९०१ पासून आहे, तापमान १९५१ पासून. बायनरी फाइल (नुसती उघडून वाचता येत नाही अशी, कच्च्या आकड्यांची), वर्षाला एक. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आयएमडीलिब हे तयार कोडचं पॅकेज वापरलंत तर उतरवणं आणि वाचणं दोन्ही सोपं जातं, पण मोजून घ्यायचा कंटाळा करू नका. पावसाच्या फायलीत रोजचे १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ आकडे, प्रत्येकी चार बाइट. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची हवी. कमी भरली तर ती अर्धवट उतरली आहे. पंक्ती दक्षिणेकडून, ६.५ अंश अक्षांशापासून सुरू होतात, हेही एकदा नकाशा काढून डोळ्यांनी बघा. उलटं वाचलंत तर केरळचा पाऊस काश्मीरच्या अंगावर पडतो.

जिथे आकडा नाही तिथे पावसात उणे ९९९ लिहिलेलं असतं. समुद्रावरच्या चौकटी धरून मी एकदा कोकणाची सरासरी काढली आणि पाऊस उणे आला, तेव्हा लगेच लक्षात आलं. तापमानातली खूण मात्र ९९.९ आहे आणि ती बेमालूम लपते: शंभर-दीडशे आकड्यांत अशी एखादी मिसळली की सरासरी अर्ध्या अंशाने फुगते आणि कुणाला शंकाही येत नाही. या खुणा फाइल वाचतानाच काढून टाका, आणि किती आकडे गाळले ते उत्तरात सांगा.

गावांच्या नावांची यादी कंटाळवाणी, पण करावी लागते. उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, दोन्ही नावांनी एकच जागा सापडायला हवी. पालघर जिल्हा २०१४ चा. त्याचा १९५१ चा पाऊस कुणी मागितला तर तो आजच्या हद्दीवरून काढला आहे असं लिहा.

एजंटला अख्खं वर्ष ओतून देऊ नका. बेरीज, सरासरी, कमाल टूलमध्येच काढा. एजंटमागच्या भाषा-मॉडेलला बेरजा करायला लावणं म्हणजे आगीशी खेळ. ‘मुसळधार’सारखे शब्दही कोडमध्ये बांधून टाका: खात्याच्या हिशोबात ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. सरासरीशी तुलना असेल तिथे ती कोणत्या वर्षांची हे सोबत हवं, कारण देशाची मान्सूनची सरासरी १९६१ ते २०१० धरली तर ८८ सेंटिमीटर आहे आणि १९७१ ते २०२० धरली तर ८७.

शेवटी नकार देता येतो का ते तपासा. १८९० सालचं विचारा, अरबी समुद्राच्या मध्यावरचं विचारा, उद्या पाऊस पडेल का तेही विचारा. तिन्ही वेळा टूलने ‘नोंद नाही’ असं स्पष्ट शब्दांत परत पाठवायला हवं. रिकामी यादी परत गेली, तर एजंट ती शून्य मिलिमीटर म्हणून वाचून मोकळा होतो.