एकाच सुईत फ्लुरो, एमआरआय आणि सीटी: खांद्याच्या आर्थ्रोग्रामची सिरिंज कशी भरावी

खांदा वारंवार निखळणारा पैलवान किंवा कबड्डीपटू आला की सर्जनला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. लॅब्रम (खोबणीच्या कडेची कूर्चेची कड) कुठे फाटलंय आणि खोबणीचं हाड किती झिजलंय. लॅब्रम एमआरआयवर चांगलं दिसतं, हाड सीटीवर. दोन्हींसाठी सांध्यात डाय टोचून फोटो काढतात, त्याला आर्थ्रोग्राम म्हणतात; पण त्यासाठी पेशंटला दोनदा टोचायचं कारण नाही. आयोडीन आणि गॅडोलिनियम एकाच सिरिंजमध्ये नीट मिसळलं की सी-आर्म (टोचताना चालू एक्स-रे दाखवणारं फ्लुरोचं मशीन) आणि सीटीवर आयोडीन दिसतं, एमआरआयवर गॅडोलिनियम. इंजेक्शन रेडिओलॉजिस्टच देतात, पण सिरिंज बहुतेक वेळा आपण टेक्निशियन भरतो, म्हणून हे तुमच्यासाठी.

आधी पेशंटला विचारा: पूर्वी डायची ॲलर्जी आली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, खांद्यावर फोड-जखम किंवा अंगात ताप आहे का, पेसमेकर आहे का. एमआरआय जमणार नसेल तर गॅडोलिनियम घालूच नका, नुसत्या आयोडीनवर सीटी होतो.

आता भरणं. 20 मिलीची सिरिंज घ्या. 15 मिली सलाईन, 5 मिली आयोहेक्सॉल 300 (हे आयोडीनचं डाय) आणि फक्त 0.1 मिली गॅडोलिनियम, तेही 0.5 मिलीमोल प्रति मिली ताकदीचं. हे साधारण 1 ला 200 प्रमाण झालं. प्रमाण तुमच्या रेडिओलॉजिस्टकडून लेखी घेऊन भिंतीवर लावा. आयोडीन याहून फार वाढवू नका, त्याने एमआरआयचा सिग्नल खाली येतो.

सगळी गंमत त्या 0.1 मध्ये आहे. गॅडोलिनियम जास्त झालं तर सांधा जास्त चमकेल असं वाटतं, पण होतं उलटं: सिग्नल पडतो आणि सांधा काळा दिसतो. म्हणून 1 मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंजच वापरा. इन्सुलिन सिरिंज हाताशी असते, पण लाल टोपीच्या यू-40 वर 0.1 मिली म्हणजे 4 युनिट, आणि केशरी टोपीच्या यू-100 वर 10 युनिट. घाईत 10 चा आकडा डोक्यात ठेवून लाल टोपीची उचलली तर अडीचपट औषध गेलं. व्हायलवरची ताकदही मोठ्याने वाचा. गॅडोब्युट्रॉल हे गॅडोलिनियमचं डाय 1 मिलीमोल प्रति मिलीचं येतं, त्याचं 0.05 मिलीच घ्यायचं.

मिसळून झालं की सिरिंज चार-पाचदा उलटसुलट करा आणि हवा पूर्ण काढा. कनेक्टिंग ट्यूबमधलीसुद्धा. सांध्यात गेलेला बुडबुडा एमआरआयवर काळा गोल दिसतो आणि सुटा तुकडा म्हणून रिपोर्टमध्ये जाऊ शकतो. मग सिरिंजवर लेबल लावाच: काय, किती, कुठल्या सांध्यासाठी. मायलोग्रामच्या (मणक्याच्या पाण्यात डाय टोचून करायच्या तपासणीच्या) ट्रेवर ही सिरिंज चुकूनही जाता कामा नये. मणक्याच्या पाण्यात गॅडोलिनियम गेलं तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

टोचताना स्क्रीनकडे बघत राहा. पहिले थेंब सुईच्या टोकापासून पळून दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याच्या कडेने चंद्रकोरीसारखे पसरले तर सुई सांध्यात आहे. टोकापाशीच गोळा झाले तर डॉक्टरांना लगेच सांगा. खांद्यात साधारण 12 ते 15 मिली मावतं. हाताला दाब लागू लागला की थांबायचं, जबरदस्ती केली तर कॅप्सूल (सांध्याभोवतीची पिशवी) फुटून औषध बाहेर येतं.

एमआरआयचा स्लॉट सुई टोचायच्या आधीच मोकळा ठेवा. अर्ध्या तासात पेशंट मशीनवर हवा, कारण सांधा पाणी शोषून घेतो आणि फुगलेली कॅप्सूल बसते. टी-1 फॅट-सॅट (चरबी काळी करून गॅडोलिनियम उजळ दाखवणारे एमआरआयचे फोटो) घ्या, जमल्यास हात डोक्यामागे घेऊनही. सीटी दोन-तीन मिनिटांचं काम, ते लगेच नंतर.

किडनीची काळजी करणाऱ्या नातेवाइकांना सांगा की शिरेतून देतात त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी गॅडोलिनियम इथे जातं. खांदा एक-दोन दिवस जड वाटेल. पण ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी फोन करायचा, हे पेशंटच्या हातात लिहूनच द्या.