रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे: या चुका टाळा

"सिस्टीम रिअल-टाइम करायची आहे, जास्त ताकदीचा प्रोसेसर घेऊ का?" हे मला सारखं कोणीतरी विचारतं. नका घेऊ. रिअल-टाइममध्ये उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते दर वेळी ठरलेल्या मुदतीत यावं लागतं. एअरबॅग उशिरा उघडली तर ती उघडलीच नाही असं धरा. व्हिडिओची एखादी फ्रेम गळली तर चालून जातं. आपलं काम यातलं कुठलं, ते आधी कागदावर लिहा.

सगळ्यात महागात पडते ती चूक सरासरीवर विसंबण्याची. मीही ती केली आहे. मोटरचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, दर 1 मिलिसेकंदाला चालायचा, सरासरी वेळ 200 मायक्रोसेकंद. आम्ही निर्धास्त. पण तासा-दोन तासांनी मोटर एकदाच हिसका द्यायची. दोन आठवडे वायरिंग, एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा), पीआयडीचे (मोटर नियंत्रणाच्या सूत्राचे) आकडे तपासत बसलो. शेवटी लूप सुरू होताना प्रोसेसरची एक रिकामी पिन हाय आणि संपताना लो केली, ऑसिलोस्कोपचा पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर तशाच ठेवणारी सोय) लावला आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी पडद्यावर नेहमीचा ठळक पल्स होता, आणि एक फिकी रेघ खाली न येता थेट पडद्याबाहेर गेलेली. एसडी कार्डवर लॉग लिहिणारी एक ओळ लूपमध्येच राहिली होती. कार्ड मधूनच आतली आवराआवर काढतं, तोवर लिहिणारा खोळंबतो.

तेव्हापासून लूपमधली नोंद मी फक्त रिंग बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या गोल रांगेत, टाकतो, कार्डवर लिहायचं काम खालच्या प्रायॉरिटीच्या टास्ककडे. आणि ती पिन पहिल्याच दिवशी जोडतो.

लूपमध्ये मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) नको. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने हाक मारल्यावर मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) प्रिंटएफ, म्हणजे मजकूर छापणं, तर नकोच.

टास्क अडकला की नवखे प्रायॉरिटी वाढवत सुटतात. आधी म्युटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) कोणाकडे आहे ते बघा. 1997 मध्ये मंगळावर नासाचं मार्स पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं: वरच्या टास्कला हवा असलेला म्युटेक्स हवामानाच्या खालच्या टास्ककडे, आणि मधले टास्क त्याला चालू देईनात. म्युटेक्सचा प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (वरचा टास्क थांबला असेल तर म्युटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरती त्याची प्रायॉरिटी मिळणं) पृथ्वीवरून चालू केल्यावर ते थांबलं. मी म्युटेक्स बनवतानाच तो चालू करतो.

लिनक्सला रिअल-टाइम करणारा प्रीएम्प्ट-आरटी 2024 मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आला, पण नुसता कर्नल बदलून काम होत नाही. एमलॉकऑल (प्रोग्रामची सगळी मेमरी रॅममध्येच धरून ठेवणारा कॉल) विसरलात तर एक पेज फॉल्टही (हवी ती मेमरी जागेवर नसल्याने होणारा खोळंबा) मुदत चुकवू शकतो. आणि रिकाम्या मशीनवर पाच मिनिटं सायक्लिकटेस्ट (टास्क जागा व्हायला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) चालवून आलेला आकडा मला दाखवू नका. डिस्क, नेटवर्क, सगळ्यावर लोड टाका, रात्रभर चालवा, आणि त्यातला कमाल आकडा घेऊन या.