रोजच्या शास्त्रवाचनातून त्या दिवसापुरता धडा कसा काढावा

इंदूरमधल्या आमच्या घरी सकाळचे शास्त्रवाचन, म्हणजे बायबलाचे वाचन, आजोबांच्या वेळेपासून चालत आले आहे. वाचन होते, प्रार्थना होते, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि पोह्यांची कढई गॅसवर चढते. पण सकाळी काय वाचले असे दुपारी कोणी विचारले, तर अध्यायाचा आकडा आठवतो आणि मजकूर आठवत नाही. पुष्कळ घरांत असेच होते, म्हणून हे लिहीत आहे. धडा आजच्या दिवसात मावेल इतका लहान असावा आणि तो उताऱ्यातून निघालेला असावा, आपण उताऱ्यात घातलेला नसावा, एवढे सांभाळले तर वाचलेले दिवसभर सोबत राहते.

प्रथम पुस्तक ठरवावे. प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. ते सारे वर्षभरात वाचायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. असा नेम चांगलाच आहे, पण धडा शोधणाऱ्याला तो वेग झेपत नाही. नवीन सुरुवात करणाऱ्याने येशूचे चरित्र सांगणारे मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. त्याचे १६ अध्याय रोज अर्धा याप्रमाणे वाचले, तर महिनाभर पुरतात. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे ३१ अध्याय तारखेनुसार वाचण्याची रीतही सोयीची आहे. डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी आले असे मानायचे, ही सवय मात्र सोडावी.

उतारा दोनदा वाचावा, निदान एकदा तरी मोठ्याने. आमच्याकडे आजी मराठीत वाचतात आणि हिंदी शाळेत शिकणारी नातवंडे तोच भाग हिंदीत वाचतात. दोहोंतला शब्द जेथे वेगळा पडतो, तेथे थांबावे, कारण अर्थाची गाठ बहुधा तेथेच असते. मराठीतही एकाहून अधिक भाषांतरे आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. साध्या वाचकाला कळावे, ही तळमळ त्यामागे होती. दुसरे भाषांतर हाताशी असले, तर अडलेले वचन त्यात अवश्य पाहावे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त गाळली जाते. हे कोण बोलत आहे, कोणाला बोलत आहे आणि त्या वेळी त्यांच्यावर काय प्रसंग होता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचे ११वे वचन) हे वचन कॅलेंडरवर, भेटकार्डावर आणि परीक्षेच्या शुभेच्छांत आपण नेहमी वाचतो : देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. परंतु हे वचन एका पत्रातले आहे. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने बंदिवान करून तिकडे नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने ते यरुशलेमहून पाठवले होते, आणि आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितलेली आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितले होते ते पाचव्या ते सातव्या वचनांत आहे : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि जेथे तुम्हाला नेले आहे त्या नगराच्या हितासाठी झटा व त्याच्यासाठी प्रार्थना करा.

होळकरांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहूनही ‘आमचे गाव’ म्हणताना महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्याचेच नाव घेणाऱ्या घरात हा उतारा वाचला, तर तो नक्कीच बोलतो. आपण बंदिवान म्हणून आलो नाही, हा फरक विसरू नये. पण हे नगर आपले मानून त्याचे भले करावे, ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. ज्या दिवशी आम्ही हा अध्याय वाचला, त्या दिवशी सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले, तेव्हा घाईत ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत कोंबलेला होता. गाडीवरच्या माणसाला तो हाताने निवडावा लागला असता. पिशवी उघडून आम्हीच तो वेगळा केला. त्या दिवसाचा धडा तेवढाच होता आणि तो पुरेसा होता.

आता वही घ्यावी आणि एकच ओळ लिहावी. तिच्यात आज, कोणाशी आणि काय, ही तिन्ही यायला हवीत. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा आहे. ती वाचून मी प्रथम लिहिले, ‘कष्टकऱ्यांशी न्यायाने वागावे.’ वाक्य चुकीचे नव्हते, पण त्याने माझे काहीच बिघडत नव्हते. त्या दिवशी महिन्याची चार तारीख होती आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार, सुटे नाहीत म्हणून, अजून दिलेला नव्हता. ती ओळ खोडून मी लिहिले, ‘मावशींचे २,४०० रुपये आज, त्यांची भांडी घासून होण्याच्या आत.’ कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटे आणले. पैसे हातात पडल्यावर मावशींनी ते न मोजता पदराला बांधले आणि गॅसचे सिलेंडर आजच भरून घेईन म्हणाल्या. तीन दिवस त्यांची चूल कशी चालली असेल, हे मला तोवर सुचलेही नव्हते.

लिहिलेली ओळ दोन बाबतींत तपासावी. ती स्वतःसाठी आहे की जावेसाठी, साहेबांसाठी किंवा शेजाऱ्यासाठी, हे आधी पाहावे. मत्तय ७:३ मधले कुसळ आणि मुसळ आपण म्हण म्हणून रोज वापरतो आणि वाचताना मात्र विसरतो. दुसरे म्हणजे, शास्त्रात सांगितलेली प्रत्येक घटना अनुकरणासाठी नसते. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद मिळवला, हे उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात आहे. पण पुढे २९व्या अध्यायात त्याचा मामा लाबान याने त्यालाच फसवले, तोपर्यंत वाचले म्हणजे धडा वेगळा निघतो. शंका उरली, तर मत्तय २२:३७ ते ४० मधल्या दोन आज्ञा, देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती, यांच्याशी ओळ ताडून पाहावी, आणि तरीही अडले तर रविवारी पाळकांना विचारावे.

ज्या दिवशी वाचनात नुसत्या वंशावळी येतात, त्या दिवशी ओढूनताणून धडा काढू नये. उपकार मानून उठावे.

रात्री निजण्यापूर्वी वही उघडावी. झाले असेल तर खूण करावी, राहिले असेल तर क्षमा मागून तीच ओळ उद्याच्या पानावर घ्यावी आणि नवीन ओळ लिहू नये. शनिवारी सहा दिवसांच्या ओळी एकत्र वाचाव्यात आणि त्यांतली जी नेहमीसाठी ठेवण्याजोगी असेल, ती पहिल्या पानावर उतरवावी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मावशींची ओळ आहे. आता दर महिन्याच्या ३० तारखेलाच सुट्या नोटांचे पाकीट भरून ते शास्त्राच्या पुस्तकाखाली ठेवलेले असते.