एका शब्दावरून स्लाव्हिक भाषांचा इतिहास कसा वाचावा

स्लाव्हिक भाषांचा इतिहास शिकायला बसणारा अभ्यासक बहुधा पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन शाखांचा तक्ता पाठ करून सुरुवात करतो. तक्ता चुकीचा नाही, पण तो अभ्यासाच्या शेवटी हाती यायला हवा. आधीच पाठ केला, तर या भाषा एकमेकींपासून कशा दूर गेल्या हे त्यातून कळत नाही. माझ्या मते सुरुवात एका शब्दापासून करावी, आणि त्यासाठी प्रथम नकाशा उघडावा.

रशियातील नोव्हगोरोद, सर्बियाची राजधानी बेओग्राद म्हणजेच बेलग्रेड, प्रागमधील व्हिशेह्राद आणि पोलंडमधील विशोग्रुद ही नावे एकाखाली एक लिहावीत. चारही नावांचा उत्तरार्ध एकच शब्द आहे: रशियनमध्ये गोरोद, सर्बियनमध्ये ग्राद, चेकमध्ये ह्राद, पोलिशमध्ये ग्रुद. त्याचे मूळ स्लाव्हिक रूप ‘गोर्द’ असे होते आणि त्याच्या शेवटी एक अतिऱ्हस्व स्वर होता. अर्थ होता कुंपणाने किंवा तटाने वेढलेली जागा. ज्या संस्कृत ‘गृह’ शब्दापासून आपले ‘घर’ आले, तोही याच मुळाचा मानला जातो.

आता या चार रूपांत फरक का पडला, हे शोधावे. मूळ स्लाव्हिक भाषेत, म्हणजे या सर्व भाषांच्या समान पूर्वज भाषेत, उत्तरकाळी अशी प्रवृत्ती बळावली की प्रत्येक अक्षराचा शेवट स्वराने व्हावा. ‘गोर्द’मधला र् अक्षराच्या शेवटी अडकलेला होता. पूर्वेकडील बोलींनी त्याच्यानंतर आणखी एक स्वर घातला आणि ‘गोरोद’ झाले. इतरांनी र् आणि स्वर यांची अदलाबदल केली, त्यातही दक्षिणेत आणि चेकमध्ये ‘आ’ आला, तर पोलिशमध्ये ‘ओ’ राहिला, जो या विशिष्ट शब्दात पुढे ‘उ’सारखा उच्चारला जाऊ लागला. नियम समजला की नाही, हे दुसऱ्या शब्दावर तपासावे. डोक्यासाठी मूळ शब्द ‘गोल्वा’ होता. पुढचे न वाचता चारही रूपे स्वतः लिहून पाहावीत. रशियन गोलोव्हा, पोलिश ग्वोव्हा (यातला ‘व’ हा मूळचा ल्), चेक ह्लाव्हा, सर्बियन ग्लाव्हा अशी ती यायला हवीत.

हा बदल केव्हा झाला, याचे उत्तर एका उसन्या शब्दात दडलेले आहे, आणि या विषयातील माझा हा सर्वांत आवडता पुरावा आहे. राजाला रशियनमध्ये कोरोल, पोलिशमध्ये क्रुल, चेकमध्ये क्राल आणि सर्बियनमध्ये क्राल्य म्हणतात. हा शब्द फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या ‘कार्ल’ या नावावरून आल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. तो 768 मध्ये गादीवर आला आणि 814 मध्ये मरण पावला. त्याचे नाव स्लाव्हिक भाषांत शिरले आणि ‘गोर्द’प्रमाणेच बदलले, याचा अर्थ आठव्या शतकाच्या अखेरीस हा बदल अजून चालू होता. म्हणून ज्या उसन्या शब्दाचा काळ ठाऊक आहे, असा शब्द दिसला की वहीत त्याच्यापुढे खूण करावी.

एक सापळा मात्र टाळावा. सेंट पीटर्सबर्गला 1914 मध्ये ‘पेत्रोग्राद’ हे नाव मिळाले, म्हणून रशियनमध्ये दोन्ही प्रकारचे बदल झाले असे समजू नये. ‘ग्राद’ हे रूप धर्मग्रंथांच्या भाषेतून, म्हणजे चर्च स्लाव्हिकमधून, भारदस्त शब्द म्हणून आले. त्याच वाटेने आलेल्या ‘ग्लाव्हा’चा अर्थ रशियनमध्ये ग्रंथाचा अध्याय असाही होतो, तर शरीराचे डोके ‘गोलोव्हा’च राहते.

दुसरी ओळ ‘स्वप्न’ या शब्दाच्या नातलगांची घ्यावी. झोपेला रशियनमध्ये सोन, पोलिश व चेकमध्ये सेन, सर्बियनमध्ये सान म्हणतात. पण षष्ठीत रशियन रूप ‘स्ना’ होते आणि मधला स्वर नाहीसा होतो. मूळ शब्दात दोन अतिऱ्हस्व स्वर होते. शेवटून मोजल्यास पहिला दुर्बळ ठरून गळाला आणि त्याच्या आधीचा बळावून पूर्ण स्वर झाला. षष्ठीत शेवटी पूर्ण स्वर आल्यामुळे मधलाच दुर्बळ ठरला. आंतोनिन हावलिक या चेक अभ्यासकाने 1889 मध्ये हा नियम मांडला. ‘कापूस’चे ‘कापसाला’ करणाऱ्या मराठी माणसाला प्रत्यय लागताच स्वर क्षीण होण्याचा प्रकार परका वाटू नये, जरी दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

अनुनासिक स्वरांसाठी दाताचा शब्द पुरेसा आहे: पोलिश झोंब, रशियन व चेक झुब, स्लोव्हेन झोब; संस्कृतात ‘जम्भ’. जुना अनुनासिक पोलिशने टिकवला, इतरांनी सोडला.

याहून जुन्या थरात उतरायचे असेल, तर ‘सून’ घ्यावी. संस्कृत ‘स्नुषा’ आणि रशियन ‘स्नोखा’ हे एकच शब्द आहेत. उ, र, क, इ यांच्यानंतरचा स् संस्कृतात ष् झाला, स्लाव्हिकमध्ये ख्. हा बदल मूळ स्लाव्हिक भाषेच्याही आधीचा आहे.

शब्दांचे तर्क नंतर लेखनाशी ताडून पाहावेत. 863 च्या सुमारास मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव्ह याच्या विनंतीवरून थेसालोनिकीचे सिरिल आणि मेथोडियस हे बंधू धर्मप्रसारासाठी तिकडे गेले आणि त्यांनी ग्लागोलिटिक या सर्वांत जुन्या स्लाव्हिक लिपीत धर्मग्रंथ उतरवले. सिरिलिक लिपी सिरिलच्या नावाची असली तरी ती त्याच्या मृत्यूनंतर बल्गेरियात घडली. या ग्रंथांच्या भाषेला सर्व स्लाव्हिक भाषांची जननी म्हणण्याची चूक वारंवार होते. ती दक्षिणेकडील एका बोलीवर उभी होती आणि तिच्यात ‘गोर्द’चे ‘ग्राद’ केव्हाच झालेले होते.

सामान्य माणसाची भाषा हवी असेल, तर नोव्हगोरोदची भूर्जपत्रे, म्हणजे भूर्जाच्या सालीवर लिहिलेला मजकूर, पाहावीत. पहिले 1951 मध्ये उत्खननात सापडले आणि आता त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. त्यांत ‘अखंड, शाबूत’ या अर्थाचा शब्द क् ने सुरू होतो, तर इतर सर्व स्लाव्हिक भाषांत तेथे त्स् आहे. रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझ्न्याक यांनी दाखवून दिले की हा लेखनदोष नसून त्या बोलीत क् चा त्स् होण्याचा बदल झालाच नव्हता. म्हणून शाखांचा तक्ता आता काढताना पूर्व शाखेखाली नोव्हगोरोदला स्वतंत्र जागा द्यावी, आणि पश्चिम व दक्षिण शाखांमध्ये, जिथे नवव्या शतकाच्या अखेरीस मॅग्यार (हंगेरियन) लोक येऊन वसले, तिथे ती तारीख लिहून ठेवावी.