सॉफ्टवेअर लायसन्स नेमकं काय मोजतं ते ओळखून तेच कसं ट्रॅक करायचं

बहुतेक कंपन्यांत लायसन्सची एक एक्सेल शीट असते, सॉफ्टवेअरचं नाव, किती घेतली, किती मशीनवर इन्स्टॉल आहेत, आणि दोन आकडे जुळले की सगळे निर्धास्त. पण इन्स्टॉल मोजून हिशोब लागतो तो फक्त मशीनमागे एक लायसन्स असलेल्या सॉफ्टवेअरचा. ओरॅकलचा डेटाबेस, आयबीएमचं मिडलवेअर (अ‍ॅप्लिकेशन आणि सिस्टीम जोडणारं सॉफ्टवेअर), कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॅप, अ‍ॅन्सिससारखी इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर, इथे नुसत्या इन्स्टॉलच्या आकड्याने काहीच कळत नाही. मग व्हेंडरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडून, ऑडिटचं पत्र येतं आणि आयटीतल्या ज्या माणसाने वर्षभर इमानदारीने शीट भरली त्यालाच जाब विचारला जातो, हे मला खरंच पटत नाही, कारण त्याला काय मोजायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर.

पायरी १: आधी करार बाहेर काढा

लायसन्स मोजायचं टूल घ्यायच्या आधी कागद शोधा. इनव्हॉइस किंवा पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही, त्यात फक्त रक्कम असते. ऑर्डर फॉर्म आणि त्याला जोडलेल्या व्याख्या हव्यात. त्यात प्रत्येक प्रॉडक्टसमोर मेट्रिक, म्हणजे काय मोजायचं ते, लिहिलेलं असतं, प्रोसेसर, नेम्ड यूझर (ठरलेला माणूस), कॉन्करंट यूझर (एकाच वेळी वापरणारे), एम्प्लॉयी असं काहीतरी, आणि त्या शब्दाची व्याख्या मागच्या पानांवर असते. ती व्याख्या जशीच्या तशी शीटमध्ये एका कॉलममध्ये टाका, स्वतःच्या शब्दांत लिहू नका. आणि व्हेंडरच्या वेबसाइटवर आज जे आहे त्यावर विसंबू नका, तुम्ही खूप आधी घेतलेलं लायसन्स बहुतेक वेळा त्या वेळच्या व्याख्येनेच चालतं.

पायरी २: गट पाडा

ढोबळमानाने पाच गट पडतात. माणसामागे, कोअर (प्रोसेसरच्या आतला काम करणारा एकेक भाग) किंवा प्रोसेसरमागे, एकाच वेळी किती जण वापरतात त्यावर, वापर किती झाला त्यावर आणि कंपनी केवढी आहे त्यावर. एकाच व्हेंडरची दोन प्रॉडक्ट दोन वेगळ्या गटांत असू शकतात, त्यामुळे व्हेंडरप्रमाणे नाही, ऑर्डर फॉर्मवरच्या ओळीप्रमाणे गट पाडा. आता प्रत्येक गटाचं मोजमाप कसं ठेवायचं ते बघू.

पायरी ३: माणसामागे लायसन्स असेल तर

इथे दोन गोष्टी ट्रॅक करायच्या, कुणाला दिलंय आणि त्याने शेवटचं लॉगिन कधी केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारख्या सबस्क्रिप्शनमध्ये हे अ‍ॅडमिन सेंटरमध्येच दिसतं. ९० दिवस लॉगिन नसेल तर विचारून काढून घ्या, पण आधी एचआरची यादी जुळवा, कुणी बाळंतपणाच्या रजेवर असेल तर उगाच अकाउंट उडवू नका. नोकरी सोडून गेलेल्यांची लायसन्स तशीच राहतात हे सगळ्यात कॉमन आहे, त्यामुळे एचआरच्या एक्झिट फॉर्ममध्येच लायसन्स काढण्याची ओळ घालून घ्या.

अवघड भाग म्हणजे आडून होणारा वापर. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून किंवा पोर्टलवरून तुमच्या सिस्टीमचा डेटा वापरणारी माणसंसुद्धा मोजली जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली सॅप विरुद्ध डिआजिओ (मद्य बनवणारी कंपनी) खटल्यात हाच मुद्दा होता, सेल्सफोर्स या क्लाउड सॉफ्टवेअरवर बांधलेल्या अ‍ॅपमधून सॅपशी बोलणाऱ्या लोकांसाठी सॅपने सुमारे ५.४५ कोटी पौंडांचा दावा लावला होता आणि मूळ मुद्द्यावर कोर्टाने सॅपच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर २०१८ मध्ये सॅपने अशा वापरासाठी माणसांऐवजी तयार होणारी डॉक्युमेंट मोजायचा पर्याय आणला, त्यात नऊ प्रकारची डॉक्युमेंट येतात. म्हणजे तुमच्या करारात तो पर्याय असेल तर यूझर लिस्ट नाही, बाहेरच्या सिस्टीममधून किती सेल्स ऑर्डर, इनव्हॉइस वगैरे तयार झाले ते ट्रॅक करायचंय.

पायरी ४: कोअर आणि प्रोसेसर

इथे सॉफ्टवेअर कोण वापरतं ते दुय्यम, खालचं हार्डवेअर मुख्य. ओरॅकल डेटाबेस एंटरप्राइज एडिशनचं उदाहरण घ्या. सर्व्हरला दोन इंटेल झिऑन प्रोसेसर, प्रत्येकात १६ कोअर, म्हणजे ३२ कोअर. ओरॅकलच्या कोअर फॅक्टर टेबलमध्ये, म्हणजे कोअरना कशाने गुणायचं त्या यादीत, इंटेलच्या झिऑनला ०.५, म्हणजे १६ प्रोसेसर लायसन्स लागतात. तुमच्याकडे प्रोसेसरऐवजी नेम्ड यूझर प्लस, म्हणजे ओरॅकलचं यूझरमागचं लायसन्स, असेल तर लोकांना वाटतं की वापरणारे ६० जण आहेत तर ६० पुरेत, पण तिथे दर प्रोसेसरमागे किमान २५ ची अट आहे, म्हणजे १६ गुणिले २५, ४०० तरी हवीतच. म्हणून नेम्ड यूझर प्लससाठी दोन्ही आकडे ठेवा, खरे यूझर आणि किमान संख्या, आणि मोठा असेल तो धरा. खऱ्या यूझरमध्ये माणूस न चालवता आपोआप डेटा पाठवणारी डिव्हाइससुद्धा येतात, आणि मध्ये अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर असला तर मोजणी त्याच्या पलीकडच्या टोकाला होते, डेटाबेसला जोडलेल्या एका सर्व्हिस अकाउंटवर नाही.

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने पाडलेलं वेगळं मशीन) आलं की गुंतागुंत वाढते. ओरॅकलच्या पार्टिशनिंग पॉलिसीत व्हीएमवेअर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) सॉफ्ट पार्टिशनिंगमध्ये येतं, म्हणजे व्हीएमला चारच कोअर दिले म्हणून ओरॅकल चारच मोजेल असं नाही. ती पॉलिसी तुमच्या कराराचा भाग आहे का तेही वाचून ठेवा, वाद तिथेच होतो. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर व्हीएमप्रमाणे मोजू देतं पण प्रत्येक व्हीएमला किमान चार कोअर, त्यामुळे दोन-दोन कोअरच्या छोट्या व्हीएम पाडत बसलात तर निम्मे पैसे वाया. आयबीएम व्हीएमपुरतं मोजू देतं पण साधारणपणे आयएलएमटी हे त्यांचं टूल चालू असलं पाहिजे, तिमाहीला किमान एकदा रिपोर्ट काढला पाहिजे आणि तो दोन वर्षं जपून ठेवला पाहिजे, नाहीतर अख्ख्या सर्व्हरचे पैसे लागू शकतात. या ठिकाणी रिपोर्ट ही तुमची सवलत आहे, तो चुकवू नका, कॅलेंडरला लावून ठेवा.

अजून एक, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. ओरॅकल डेटाबेसचे जादा पॅक वेगळे विकत घ्यावे लागतात पण ते आधीपासून इन्स्टॉल असतात. डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) रात्री सिस्टीम स्लो झाली म्हणून एक एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसच्या वेगाचा अहवाल) काढला की डायग्नॉस्टिक्स पॅक वापरला असं धरलं जातं, आणि फीचर युसेज स्टॅटिस्टिक्सच्या व्ह्यूमध्ये अशा वापराची नोंद राहते. पॅक घेतला नसेल तर कंट्रोल मॅनेजमेंट पॅक अ‍ॅक्सेस हा पॅरामीटर NONE (म्हणजे बंद) करून टाका, एंटरप्राइज एडिशनमध्ये तो बाय डिफॉल्ट चालू असतो. आणि तो व्ह्यू दर महिन्याला बघा.

पायरी ५: फ्लोटिंग लायसन्स

हा एकाच वेळी किती जण वापरतात तो गट, इंजिनिअरिंगमध्ये हेच जास्त चालतं. २० लायसन्स, १०० इंजिनिअर, ज्याला मिळेल तो वापरतो. इथे सगळे एकाच वेळच्या वापराचा उच्चांक बघतात, पण २० लायसन्स असतील तर उच्चांक २० च्या वर जाऊच शकत नाही, मग तुम्हाला ३० ची गरज आहे की २० पुरेशी आहेत हे त्यातून कळणार कसं? त्यासाठी नकार मोजायचे.

अशी लायसन्स वाटणाऱ्या फ्लेक्सनेट लायसन्स सर्व्हरचा डीबग लॉग (नोंदींची फाइल) उघडा. त्यात लायसन्स घेतलं की आउट, परत केलं की इन आणि मिळालं नाही की डिनाइड अशी ओळ येते, सोबत फीचरचं, यूझरचं आणि मशीनचं नाव. या ओळींवर फक्त वेळ असते, तारीख अधूनमधून येणाऱ्या टाइमस्टॅम्पच्या ओळीत असते, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना आधी तारीख पकडून मग खालच्या ओळींना लावा. आणि एकच माणूस वैतागून पाच मिनिटांत आठ वेळा क्लिक करतो, त्याचे आठ नकार दिसतात, म्हणून एका यूझरचे ठराविक मिनिटांतले नकार एकच धरा. मग तीन आकडे काढा, उच्चांक, तो उच्चांक किती मिनिटं टिकला आणि खरे नकार किती. उच्चांक महिन्यात एकदा दहा मिनिटं आणि नकार दोन-तीन असतील तर नवीन लायसन्स घेऊ नका.

पुण्यातल्या ज्या इंजिनिअरिंग सेंटरचं हेड ऑफिस जर्मनीत आहे आणि लायसन्सचा साठा सामाईक आहे त्यांनी हे तासाप्रमाणे काढावं. हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे नऊ, म्हणजे आपल्याकडची मंडळी जेवायला जाताना सॉफ्टवेअर उघडं टाकून जातात त्याच वेळी तिकडचे लॉगिन करतात. सगळे नकार या दीड-दोन तासांतच जमलेले दिसले तर लायसन्स सर्व्हरच्या ऑप्शन्स (सेटिंगच्या) फाइलमध्ये टाइमआउट लावा, म्हणजे न वापरता उघडं ठेवलेलं लायसन्स परत जमा होतं. व्हेंडरने सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय ठेवली असेल तरच हे चालतं, आधी विचारून घ्या, आणि टीमलाही सांगून ठेवा.

पायरी ६: वापरावर बिल आणि कंपनीच्या आकारावर बिल

क्लाउड डेटा प्लॅटफॉर्म, टोकन, क्रेडिट (वापर मोजायची एककं), यात माणसं मोजून उपयोग नाही. रोजचा खर्च किती आणि या वेगाने वर्षाचा कोटा कोणत्या महिन्यात संपेल हे बघायचं. खर्च टीमप्रमाणे टॅग करा, नाहीतर वाढला की कुणाचा ते सापडत नाही.

कंपनीच्या आकाराचं ठळक उदाहरण म्हणजे ओरॅकल जावा. जानेवारी २०२३ पासून जावा एसईचं नवीन सबस्क्रिप्शन सगळ्या कर्मचाऱ्यांमागे आहे, जावा वापरा नाहीतर नका वापरू, पार्ट टाइम, टेम्पररी आणि कंपनीच्या अंतर्गत कामाला असलेले कंत्राटी लोकही धरून. म्हणजे इथे आकडा एचआर आणि कंत्राटदारांच्या हजेरीतून येतो. तरी मशीन स्कॅन कराच, पण मोजायला नाही, पैसे लागणारं व्हर्जन कुठे राहिलंय ते शोधून शक्य तिथे टेमुरिनसारखं मोफत ओपनजेडीके (जावाची खुली आवृत्ती) बसवायला.

पायरी ७: वेळापत्रक लावा

फ्लोटिंगचे लॉग रोज गोळा करा कारण ठराविक काळाने लॉगची नवी फाइल सुरू होते आणि जुने पुसले जातात. यूझर आणि पॅक महिन्याला. हार्डवेअर बदललं की त्याच दिवशी, कारण सर्व्हर टीमने जास्त कोअरचं मशीन आणलं तर लायसन्सची गरज त्याच दिवशी वाढते, म्हणून त्यांच्या चेंज रिक्वेस्टमध्ये तुमची मंजुरी घालून घ्या. रिन्यूअलच्या आधी तीन-चार महिने सलग आकडे हातात हवेत, नाहीतर व्हेंडर त्याचे आकडे टेबलवर ठेवतो आणि तुमच्याकडे बोलायला काही नसतं. ऑडिटचं पत्र आलंच तर उत्तर द्यायला एकच माणूस ठरवा, व्हेंडरची मोजणीची स्क्रिप्ट आधी आपण चालवून तिचा निकाल करारातल्या व्याख्येशी ताडून बघा आणि मगच पाठवा.