गाडीवर, टपरीवर क्यूआर लावायचा तर

दादर स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत वीस रुपयांची कोथिंबीर घेणाराही आधी विचारतो, "स्कॅनर आहे ना?" क्यूआर लावायला वेळ लागत नाही. पण तो कोणाच्या खात्याला जोडायचा आणि पैसे आल्याचं गाडीवरच्या माणसाला कसं कळणार, हे आधी ठरवा.

घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे घेऊ नका. वेगळं खातं काढा आणि त्याला मालकाचाच मोबाइल नंबर जोडा, पोऱ्याचा नको. मग भारतपे, पेटीएम किंवा फोनपेच्या व्यापारी अ‍ॅपवर आधार, पॅन आणि खात्याचे तपशील भरा. दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच टाका. स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसलं की गिऱ्हाईक थबकतं. पैसे खात्यात लगेच पडणार की दुसऱ्या दिवशी, हेही विचारा. रोज पहाटे भायखळ्याला रोखीने माल उचलणाऱ्याला तो एक दिवस जड जातो.

बँक खात्यातून आलेल्या यूपीआय रकमेवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्ड किंवा वॉलेटमधून आलेल्या 2,000 रुपयांवरच्या रकमेवर मात्र ते लागू शकतं. पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, त्याचं भाडंही महिन्याला कापलं जातं.

तरी साउंडबॉक्स घ्याच, मराठीत बोलणारा. मालक नसताना गल्ल्यावर बसलेल्याला त्याचाच आधार. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही. हुबेहूब पावती दाखवणारी बनावट अ‍ॅप्स आहेत. डबा बोलला नाही तर आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद बघा. तिथेही नसेल तर गिऱ्हाइकाकडून बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, लिहून घ्या. त्याच्या खात्यातून कापलेले पण आपल्याला न पोचलेले पैसे, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, पाच दिवसांत त्याला आपोआप परत मिळायला हवेत. रोजचा माणूस असेल तर वहीत मांडा, वाद घालू नका.

स्टिकर पावसात टिकेल असा लॅमिनेट करा आणि सकाळी दुकान लावताना एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघा. रात्रीतून वर दुसराच स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; कोणी मागितला तर फोन ठेवा. फसलातच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

राहिली कराची भीती, आणि बरेच जण क्यूआर टाळतात ते याच भीतीने. जीएसटी नोंदणीसाठी वर्षाची एकूण उलाढाल धरतात, रोख आणि ऑनलाइन मिळून: मालाच्या विक्रीत 40 लाख, सेवेत 20 लाख. फक्त ताजी भाजी विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. आयकराच्या अनुमानित योजनेत, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा विक्रीवरून अंदाजाने धरतात तिथे, तर रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या रकमेवर 6. घाऊक खरेदीच्या पावत्या मात्र जपून ठेवा. नोटीस आलीच तर खात्यात पडलेली सगळी रक्कम नफा नव्हता, हे त्यांच्यावरूनच दाखवता येतं.